दात काढण्याआधी फाईल दाखवा

दुखऱ्या दाताचं आपल्याकडे कुणी फारसं मनावर घेत नाही. दाताखाली लवंग धरायची, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, मेडिकलमधून दुखायची गोळी आणायची आणि अगदीच रात्र निघेना झाली, की बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन दात काढून यायचा. बाई पन्नाशीच्या पुढची असेल तर घरातलेच म्हणतात, 'काढून टाक एकदाचा. नाहीतरी पडायचाच आहे!' दोन दिवस कापूस, आठ दिवस मऊ भात, की विषय संपला.

शंभरातल्या नव्याण्णव घरांत तो खरंच तिथे संपतो. पण मैत्रिणींनो, आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यात अशी काही माणसं आहेत, ज्यांच्यासाठी दात काढणं ही साधी गोष्ट राहिलेली नसते. तोंडाच्या, जिभेच्या, गालाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी ज्यांनी किरणोपचार घेतलेत, ती ही माणसं. आपल्याकडे त्याला कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाईट घेतली' म्हणतं. नाव काहीही असो, त्या शेकानंतर जबड्याचं हाड पहिल्यासारखं राहत नाही. ही एक गोष्ट रुग्णाला, घरच्यांना आणि दात काढणाऱ्याला माहीत नसेल, तर कॅन्सरमधून वाचलेलं माणूस एका दाढेपायी पुन्हा अंथरूण धरतं. म्हणूनच आज या विषयावर लिहायचं ठरवलं.

मिश्रीपासून सुरू होणारी गोष्ट

तोंडाचा कॅन्सर हा भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; ती किती पाळली जाते, हे टपरीवर जाऊन बघावं. पण हे फक्त पुरुषांचं दुखणं आहे, असं समजू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या दर १०० प्रौढ स्त्रियांमागे १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. आपल्या बायकांची तंबाखू म्हणजे बहुतेक वेळा मिश्री. तव्यावर भाजून काळी केलेली, सकाळी परसात बसून बोटाने दाताला घासलेली. कितीतरी जणींनी ती सुरू केली ती दाढ दुखते म्हणून, हिरड्या सुजल्या म्हणून. शेजारणीने सांगितलं, 'लाव जरा, बरं वाटेल.' बरं वाटलं आणि सवय लागली. दाताच्या दुखण्यावर उपाय म्हणून आलेली वस्तू वीस-पंचवीस वर्षांनी कॅन्सर देऊन जाते. त्या कॅन्सरचे उपचार झाले, की पुन्हा दाताचाच प्रश्न उभा राहतो. असं हे दुष्टचक्र आहे.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा आधी ऑपरेशन होतं आणि गरजेप्रमाणे त्यानंतर शेक दिला जातो. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे, म्हणजे साधारण ३० ते ३५ वेळा. जसं धान्य किलोत मोजतात, तसे हे किरण 'ग्रे' या मापात मोजतात. तोंडाच्या कॅन्सरला एकूण ६० ते ७० ग्रे इतका डोस लागतो. एवढे किरण कॅन्सरच्या पेशी मारतात, त्याचा फायदा निर्विवाद आहे. शेक घेऊ नका असं या लेखातून कुणी चुकूनही काढू नये! पण ते किरण ज्या वाटेने जातात, त्या वाटेवर जबडा असतो, लाळेच्या ग्रंथी असतात. त्यांनाही किंमत मोजावी लागते.

हाडाला रक्तच पोचत नाही

एरवी दात काढला, की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. दोन-तीन आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि काही महिन्यांत आत नवं हाड भरून येतं. यासाठी हाडाला भरपूर रक्त आणि हाड बांधणाऱ्या जिवंत पेशी लागतात. शेक मिळालेल्या जबड्यात नेमकं याचंच दुर्भिक्ष असतं. बारीक रक्तवाहिन्या आकसून बंद होतात, पेशी कमी होतात. वरून सगळं ठीक दिसतं, बाई जेवते-खाते, पण आतलं हाड जेमतेम तग धरून असतं. अशा हाडातून दात उपटला, की ती जखम भरायला शरीराकडे काही शिल्लकच नसतं. खड्डा उघडा राहतो, त्यात अन्न अडकतं, जंतू शिरतात आणि हाड मरायला लागतं. डॉक्टर याला 'ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस' म्हणतात. आपण सरळ म्हणू, शेकाने हाड मरणं.

हे वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त होतं. खालचं हाड घट्ट असतं आणि त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः एकाच रक्तवाहिनीवर असतो. त्यातही मागच्या दाढांना धोका जास्त. हाडाच्या ज्या भागाला ५०-६० ग्रेच्या वर डोस मिळालाय, तिथे विशेष जपायचं. हा प्रकार काही नवा नाही. १९२२ सालीच तो वैद्यकाच्या नोंदीत आलेला आहे. शंभर वर्षं डॉक्टरांना माहीत असलेली गोष्ट आपल्या गावातल्या रुग्णापर्यंत मात्र अजून पोचत नाही!

आणि मुख्य म्हणजे, या धोक्याला मुदत नाही. 'आता पाच वर्षं झाली, सगळे रिपोर्ट चांगले आलेत,' असं म्हणून लोक निश्चिंत होतात. कॅन्सरच्या बाबतीत ते खरंही असतं. पण हाडातल्या बंद झालेल्या रक्तवाहिन्या पाच वर्षांनी पुन्हा उघडत नाहीत. दहा वर्षांनीसुद्धा तो जबडा शेक घेतलेलाच जबडा असतो.

लपवण्याची किंमत

आमच्या मंडळाच्या कामात भेटलेल्या एका मावशींची गोष्ट सांगते. गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, शेक झाला. मिश्री सुटली. चार वर्षं मावशी ठणठणीत होत्या, शेतावर जात होत्या. मग खालची दाढ ठणकायला लागली. जवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे कुणी विचारलं नाही, 'मावशी, आधी कसला मोठा आजार झाला होता का?' मावशींनीही सांगितलं नाही. दहा मिनिटांत दाढ निघाली.

महिना झाला, जखम भरेना. तीन महिने झाले, आत पांढरं हाड दिसायला लागलं. पुढे जबड्याखाली बाहेरून कातडीला भोक पडलं आणि पू यायला लागला. घरात रडारड, कॅन्सर परत आला म्हणून! मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर नव्हता. हाड मेलं होतं. मेलेलं हाड काढण्यासाठी दोनदा भूल द्यावी लागली, वर्ष-दीड वर्ष खेपा झाल्या. मावशी वाचल्या, पण त्यांचं भाकरी खाणं सुटलं ते सुटलंच. कॅन्सरने नेलं नव्हतं ते एका दाढेने नेलं.

मी मावशींना विचारलं, 'तुम्ही दवाखान्यात सांगितलं का नाही?' त्या म्हणाल्या, 'ताई, कसं सांगणार? कॅन्सर म्हटलं की लोक कपबशी वेगळी ठेवतात. नातीचं लग्न जमायचं होतं.' मैत्रिणींनो, मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. कपबशीने, ताटाने, शेजारी बसल्याने तो होत नाही. तरीही आपण तो झाकून ठेवतो. घरी आलं की फाईल कपाटाच्या तळाशी जाते आणि त्या फाईलबरोबर दात काढणाऱ्याला जे कळायला हवं होतं, तेही तळाशी जातं. लोकांपासून लपवायचं तर लपवा, पण डॉक्टरपासून लपवू नका. मावशींना दोष देऊन मात्र चालणार नाही. विचारायचं काम दवाखान्याचंही होतंच ना?

घाबरायचं किती?

तेवढंच, जेवढं खरं आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा शेकानंतर दात काढलेल्या १०० रुग्णांमागे साधारण ७ जणांचं हाड खराब झाल्याचं आढळलं. म्हणजे ९३ जणांचं निभावलं. त्यामुळे 'शेक झालाय, आता मेलो तरी दात काढायचा नाही,' अशी धास्ती घेण्याचं कारण नाही. किडलेला, पू झालेला दात तसाच तोंडात ठेवणंही वाईट, कारण तो पू आपणहून हाडापर्यंत पोचू शकतो. पण ज्या सातांच्या वाट्याला हे येतं, त्यांचे हाल फार वाईट असतात. कुणाचा जबडा जेवता जेवता मोडतो. कुणाचा जबड्याचा तुकडा काढून तिथे पायाचं हाड बसवावं लागतं. जे टाळता येण्यासारखं आहे, ते टाळायला नको का?

दात बघायचे ते शेकाच्या आधी

टाळायची खरी वेळ पहिल्या शेकाच्या आधी असते. शेक ठरला, की लगेच सगळे दात तपासून घ्यायचे. जे किडून संपलेत, हलतात, ज्यांच्या मुळाशी पू आहे, ते आधीच काढायचे. जे चांगले आहेत ते स्वच्छ करून, भरून ठेवायचे. पूर्वी शेकाआधी सरसकट सगळेच दात काढून टाकण्याची पद्धत होती, आता तसं करत नाहीत. जखम भरायला वेळ मिळावा म्हणून दात काढणं आणि पहिला शेक यांत निदान दोन आठवडे असावेत, असं २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे.

इथे कुणी म्हणेल, कॅन्सरचे उपचार दातांसाठी थांबवायचे का? नाही, मुळीच नाही. पण ज्यांचं आधी ऑपरेशन होतं, त्यांना ती जखम भरेपर्यंत शेक देतच नाहीत. म्हणजे मध्ये काही आठवडे मिळतात. शिवाय ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला भूल दिलेलीच असते, त्याच वेळी खराब दातही काढून घेता येतात. फक्त हे ऑपरेशनच्या आधी कुणाला तरी सुचायला हवं. ते सुचावं म्हणून तुम्ही विचारा, 'डॉक्टर, पुढे शेक लागणार असेल तर दातांचं आत्ताच बघून घ्यायचं का?' एवढ्या एका वाक्याला पैसे पडत नाहीत. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी दातांचा विभाग तिथेच असतो. जिथे तो नसेल, तिथे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईला जाऊन धर्मशाळेत दिवस काढणाऱ्या माणसाला आणखी एक खेप नकोशी वाटते, हे मला समजतं. पण ही एक खेप पुढच्या पन्नास खेपा वाचवते.

शेक झाल्यावर

शेकानंतर सगळ्यात आधी जाणवतं ते कोरडं तोंड. लाळेच्या ग्रंथींना किरण लागलेले असतात. आताच्या नव्या यंत्रांनी या ग्रंथी बऱ्याच वाचवता येतात, पण सगळ्यांच्याच वाचतात असं नाही. लाळ ही दातांची राखणदार. ती गेली की सहा महिने-वर्षात दात हिरडीपाशी भराभर किडतात. आता आपण काय करतो? तोंड सुकतं म्हणून खडीसाखर चघळायला देतो, श्रीखंडाची गोळी देतो. चावता येत नाही म्हणून चहात बुडवलेलं बिस्कीट, शिरा, साबुदाण्याची खीर देतो. सगळं प्रेमानेच, पण सगळं गोड आणि चिकट! त्याने दात आणखी लवकर जातात. त्याऐवजी तूप घातलेली मऊ खिचडी, मुगाचं वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी द्या. पाण्याची बाटली सतत हाताशी ठेवा, घोट घोट पाणी पीत राहू द्या.

जेवणानंतर प्रत्येक वेळी पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाकून चूळ भरायची. मऊ ब्रश वापरायचा. राखुंडी, कोळसा, मिश्री अजिबात नाही. दातांच्या डॉक्टरांकडून फ्लोराइडची जेल आणि ती लावायचे साचे मिळतात. रात्री ब्रश केल्यावर पाच-दहा मिनिटं ती दातांवर ठेवायची, मग थुंकायची. गिळायची नाही आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. हे थोडे दिवस करून सोडायचं काम नाही, आंघोळीसारखं रोजचं आहे. आणि दर तीन-चार महिन्यांनी दात दाखवायचे, दुखत नसले तरीही.

तोंड उघडण्याचा व्यायामही तितकाच महत्त्वाचा. शेकानंतर जबडा हळूहळू आखडतो. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, हे अधूनमधून बघायचं. तोंडच उघडलं नाही, तर डॉक्टर दाढेपर्यंत पोचणार कसे? कवळी बसवायची असेल, तर शेक दिलेल्या डॉक्टरांना विचारून. घट्ट कवळी हिरडीला घासली तरी त्या जखमेतून हाड उघडं पडू शकतं.

एवढं करूनही दात बिघडला तर? आधी वाचवायचा प्रयत्न. रूट कॅनाल करता येतं. कधी दाताचा वरचा भाग कापून मूळ तसंच आत ठेवतात, म्हणजे हाडाला धक्का लागत नाही. काढावाच लागला, तर तोंडाच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ असलेल्या मोठ्या ठिकाणी. एका वेळी एक-दोनच दात, हलक्या हाताने, टाके घालून, सांगितलेली अँटिबायोटिक्स पूर्ण घेऊन आणि जखम पूर्ण मिटेपर्यंत दाखवत राहून. आठवडी बाजारात दात काढणाऱ्याच्या हाती तर कुणीच दात देऊ नये, शेक घेतलेल्याने तर मुळीच नाही.

एक पैशाची गोष्टही सांगून ठेवते. बंद टाकीत बसवून शुद्ध ऑक्सिजन देण्याचा एक महागडा उपाय आहे. १९८५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासामुळे त्याचा बोलबाला झाला. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांत हाड खराब होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. काही ठराविक रुग्णांना डॉक्टर तो आजही सुचवतात. पण दात काढायच्या आधी तो घेतलाच पाहिजे, असं कुणी सांगितलं म्हणून बांगड्या मोडायला धावू नका. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

जाता जाता आणखी एक. स्तनाचा कॅन्सर हाडात पसरला, किंवा हाडं ठिसूळ झाली, तर झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमाबची इंजेक्शनं देतात. तिथे कारण वेगळं असलं, तरी दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. त्यामुळे अशी इंजेक्शनं चालू असलेल्या मैत्रिणींनीही दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचंच.

जबाबदारी कुणाची?

रुग्णाने सांगावं हे खरं, पण सगळा भार त्याच्यावरच टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या बाईला फाईलमधलं इंग्रजी वाचता येत नाही, तिने 'मला किती ग्रे मिळाले' हे कुठून सांगावं? म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, शेक देणाऱ्या प्रत्येक केंद्राने पहिल्या शेकाआधी दातांची तपासणी झाली का, हे फाईलवर लिहावं आणि झाली नसेल तर करून घ्यावी. दोन, घरी सोडताना रुग्णाला मराठीत एक साधं कार्ड द्यावं. शेक कोणत्या भागाला, किती, कधी संपला आणि 'आम्हाला विचारल्याशिवाय दात काढू नये' हे त्यावर ठळक लिहिलेलं असावं. तीन, प्रत्येक दंतवैद्याने दात काढण्याआधी एक प्रश्न न चुकता विचारावा, 'तोंडाला किंवा मानेला कधी शेक घेतला होता का?' महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून सरकार कॅन्सरच्या उपचारांवर खर्च करतं, तर त्या उपचाराचं फळ एका दाढेपायी वाया जाऊ नये, एवढी काळजी एका कार्डाने घेता येईल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर हे काम आपल्यालाच करायचं आहे. घरातल्या औषधांच्या वेळा आपणच सांभाळतो, दवाखान्यात कोणासोबत कोण जाणार हेही आपणच ठरवतो. तुमच्या घरात, शेजारात, बचत गटात असं शेक घेतलेलं कुणी असेल, तर आजच त्यांची फाईल कपाटातून बाहेर काढा. तिच्या पुठ्ठ्यावर जाड पेनने लिहा, 'तोंडाला शेक झालेला आहे. विचारल्याशिवाय दात काढू नये.' आशाताईंनाही हे सांगून ठेवा. आणि दात दुखला, की त्या माणसाच्या आधी ती फाईल डॉक्टरांच्या टेबलावर पोचली पाहिजे.